निफ्टी वर गेला, मग कॉल तोट्यात का? ऑप्शन आणि चलन बाजारातली अस्थिरता समजून घेताना

अंदाज बरोबर ठरूनही पैसे का जातात, इंडिया व्हिक्स कसा वाचायचा आणि फॉरेक्स ॲपपासून लांब का राहायचं? धानाच्या हमीभावाच्या उदाहरणातून सोप्या भाषेत.

निफ्टी 200 अंकांनी वर आहे. तुम्ही कॉल घेतला होता, म्हणजे अंदाज बरोबर ठरला. तरीही ॲपवर लाल आकडा दिसतोय. ॲप बिघडलेलं नाही, ब्रोकरनेही काही केलेलं नाही. तुम्हाला वाटलं आपण फक्त दिशेवर पैसे लावले. प्रत्यक्षात तुम्ही दिशेसोबत अस्थिरताही विकत घेतली होती, आणि ती महाग असताना घेतली होती.

हा प्रश्न आता फक्त मुंबईच्या दलाल स्ट्रीटचा राहिलेला नाही. किल्ला आणि धानाच्या बांध्या ही तुमसर तालुक्यातल्या आंबागडची ओळख. पण डिमॅट खातं उघडायला आज तुमसरलाही जावं लागत नाही, मोबाईल पुरतो. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 72 टक्क्यांहून अधिक जण देशातल्या मोठ्या 30 शहरांच्या बाहेरचे होते. 75 टक्क्यांहून अधिक जणांनी स्वतःचं वार्षिक उत्पन्न 5 लाखांपेक्षा कमी सांगितलं होतं. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. म्हणजे हा विषय आपल्याच गावांचा, आपल्याच घरांचा आहे.

अस्थिरता म्हणजे घसरण नव्हे

टीव्हीवर ‘बाजारात अस्थिरता’ असं ऐकलं की आपण ‘बाजार पडला’ असं समजतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. भाव किती झपाट्याने आणि किती अंतर वर-खाली होतो, त्याचं माप म्हणजे अस्थिरता. रोज थोडा थोडा घसरणारा बाजार शांत असू शकतो. एक दिवस 3 टक्के वर आणि दुसऱ्या दिवशी 3 टक्के खाली जाणारा बाजार महिनाअखेर होता तिथेच असला, तरी तो अत्यंत अस्थिर असतो.

शेअर घेऊन ठेवणाऱ्याला या फरकाने फारसं बिघडत नाही. ऑप्शन घेणाऱ्याला बिघडतं. कारण ऑप्शनच्या भावात पुढच्या काही दिवसांत बाजार किती हलेल, याचा अंदाज आधीच मोजून घातलेला असतो.

हमीभाव म्हणजे आपल्या ओळखीचा पुट ऑप्शन

ऑप्शन हे प्रकरण परकं वाटत असेल तर भंडारा जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्राकडे बघा. 2025-26 च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल आहे. व्यापारी 2,000 रुपये देत असेल तर शेतकरी धान केंद्रावर नेतो. व्यापारी 2,600 देत असेल तर त्यालाच विकतो. केंद्रावर विकण्याचा हक्क आहे, बंधन नाही. ठरलेल्या भावाला विकण्याच्या अशा हक्कालाच शेअर बाजारात पुट ऑप्शन म्हणतात. ठरलेल्या भावाला विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल.

फरक एवढाच की हमीभावाच्या हक्काची किंमत सरकार सोसतं. बाजारात ती तुम्हाला मोजावी लागते. तिला प्रीमियम म्हणतात.

आता दोन वर्षांची कल्पना करा. पहिल्या वर्षी धानाचा भाव 2,350 ते 2,450 च्या पलीकडे जाणार नाही असं सगळ्यांना वाटतंय. दुसऱ्या वर्षी तो 1,800 होईल की 3,000, कुणालाच सांगता येत नाही. 2,369 च्या हमीची गरज कोणत्या वर्षी जास्त? अर्थात दुसऱ्या. हमी तीच, रक्कम तीच, पण अनिश्चितता वाढली म्हणून हमीचं मोल वाढलं. आणि खरेदीचा हंगाम संपत आला, बाजारभाव 2,600 वर स्थिरावला, की त्याच हमीचं मोल जवळपास शून्य होतं.

ऑप्शनच्या भावातले तीन मुख्य घटक इथेच दिसतात: आजचा भाव ठरलेल्या भावापासून किती लांब आहे, किती दिवस उरले आहेत आणि भाव किती उड्या मारेल असं बाजाराला वाटतं. नवखा ट्रेडर पहिला घटक बघतो. उरलेले दोन त्याचा खिसा रिकामा करतात.

ही कल्पना नवीन नाही. मुंबईच्या बाजारात असे सौदे पूर्वी ‘तेजी-मंदी’ या नावाने चालत. 1956 च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायद्याने शेअरमधल्या ऑप्शनवर बंदी घातली, ती 1995 मध्ये उठली आणि राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन 4 जून 2001 रोजी सुरू झाले.

इंडिया व्हिक्स कसा वाचायचा?

निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून इंडिया व्हिक्स हा निर्देशांक काढतात. पुढच्या 30 दिवसांत निफ्टी किती हलेल असं बाजाराला वाटतं, ते तो वार्षिक टक्केवारीत सांगतो. तो दिशा सांगत नाही.

त्याचा रोजचा अर्थ काढायला सोपी युक्ती आहे. व्हिक्सला 16 ने भागा. वर्षात साधारण 252 दिवस बाजार चालतो आणि त्याचं वर्गमूळ जवळपास 16 येतं, म्हणून हा आकडा. व्हिक्स 12 असेल तर बाजाराला दिवसाला सुमारे 0.75 टक्के हालचाल अपेक्षित आहे. निफ्टी 25,000 वर असेल तर हे झाले साधारण 190 अंक. व्हिक्स 24 असेल तर 1.5 टक्के, म्हणजे 375 अंक. ढोबळमानाने तीनपैकी दोन दिवस हालचाल या मर्यादेत राहील, एक दिवस त्यापलीकडे जाईल, असा याचा अर्थ.

टोकाचा आकडा पाहायचा असेल तर मार्च 2020 आठवा. कोरोनाच्या धास्तीने 23 मार्चला निफ्टी एका दिवसात जवळपास 13 टक्के कोसळला आणि दुसऱ्या दिवशी व्हिक्स 86 च्या वर गेला होता.

दिशा बरोबर, तरी तोटा: गणित बघा

समजा निफ्टी 25,000 वर आहे आणि तुम्हाला 25,000 चा कॉल घ्यायचा आहे. एक्स्पायरीला 7 दिवस आहेत. निफ्टीचा लॉट 65 चा धरू. (पुढचे आकडे प्रचलित सूत्राने काढलेले अंदाज आहेत. त्यात व्याज आणि ब्रोकरेज धरलेलं नाही.)

बाजार शांत असेल, अपेक्षित अस्थिरता 12 टक्के असेल, तर या कॉलचा भाव सुमारे 165 रुपये येतो. एका लॉटचे 10,725 रुपये.

हाच कॉल एखाद्या मोठ्या निकालाच्या आदल्या दिवशी घेतला आणि अपेक्षित अस्थिरता 24 टक्के असेल, तर भाव सुमारे 330 रुपये. एका लॉटचे 21,450 रुपये. निफ्टी तोच, मुदत तीच, पैसे दुप्पट. हमीभावाने हिशेब केला तर हे 9 क्विंटल धान झालं.

दुसऱ्या दिवशी निकाल तुमच्या मनासारखा लागला. निफ्टी 200 अंकांनी वर. पण अनिश्चितता संपली, म्हणून अपेक्षित अस्थिरता 13 टक्क्यांवर आली आणि मुदतीतला एक दिवसही गेला. आता त्या कॉलचा भाव येतो सुमारे 285 रुपये. लॉटमागे 2,925 रुपयांचा तोटा. अंदाज बरोबर होता, पण तुम्ही अनिश्चिततेची किंमत ती सर्वाधिक असताना मोजली होती.

लग्नसराईत फुलं महाग असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण या ऑप्शनच्या लग्नतिथी आहेत. तारीख सगळ्यांना माहीत असते, म्हणून भाव आधीच चढलेला असतो.

4 जून 2024 ला काय झालं?

प्रत्यक्ष उदाहरण लोकसभा निकालाचं. मतदानोत्तर चाचण्यांनंतर 3 जून 2024 रोजी निफ्टी 3.25 टक्के वाढून 23,263.90 वर बंद झाला. 4 जूनला मतमोजणीचे आकडे वेगळे येऊ लागले आणि निफ्टी जवळपास 5.9 टक्के पडून 21,884.50 वर बंद झाला. त्या दिवशी व्हिक्स व्यवहारादरम्यान 31 च्या पुढे गेला होता. 5 जूनला निफ्टी 22,620.35 वर परतला आणि व्हिक्स एका दिवसात 29 टक्क्यांच्या आसपास घसरून 19 च्या खाली आला.

आदल्या दिवशीची तेजी पाहून कॉल घेतलेले 4 जूनला बुडाले, हे उघड आहे. पण 4 जूनच्या संध्याकाळी घाबरून पुट घेतलेल्यांचं काय झालं? 5 जूनला त्यांना दुहेरी फटका बसला. बाजार उलट दिशेने गेला आणि अस्थिरताही उतरली. महागात घेतलेली भीती एका रात्रीत स्वस्त झाली.

मग ऑप्शन विकावेत का?

‘घेणारा हरतो, मग आपण विकू’ हा सल्ला सोशल मीडियावर जोरात चालतो. ऑप्शन विकणारा विमा कंपनीसारखा असतो. बहुतेक दिवशी छोटा हप्ता जमा होतो आणि आत्मविश्वास वाढतो. मग 4 जूनसारखा एक दिवस येतो आणि अनेक महिन्यांची कमाई तासाभरात जाते. विमा कंपनीकडे हजारो पॉलिसी आणि मोठा राखीव निधी असतो. आपल्याकडे एक खातं असतं. घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता मर्यादित राहतो. कॉल उघडा विकणाऱ्याच्या तोट्याला वरची मर्यादाच नसते.

एक्स्पायरीच्या दिवशी धोका आणखी वाढतो. काही रुपयांचा ऑप्शन दहापट होण्याची आशा असते, पण शेवटच्या तासांत निर्देशांकाची थोडी हालचालही त्याला शून्यावर नेते. समोर कोण बसलंय हेही बघा. सेबीने 3 जुलै 2025 च्या अंतरिम आदेशात अमेरिकेच्या जेन स्ट्रीट समूहावर बँक निफ्टीत हेराफेरी केल्याचा ठपका ठेवला आणि 4,843.57 कोटी रुपये जप्त करायला सांगितलं. सकाळी शेअर घेऊन निर्देशांक वर न्यायचा, त्याच वेळी ऑप्शनमध्ये उलट बाजूने मोठा सौदा करायचा आणि नंतर शेअर विकायचे, असा तो आरोप होता. कंपनीने आरोप नाकारून अपिलीय न्यायाधिकरणात दाद मागितली. अंतिम निकाल काहीही लागो, आपण कुणासमोर खेळतोय याचा अंदाज यातून येतो.

चलन बाजार: शांत दिसणारं पाणी

रुपया निफ्टीसारखा रोज उड्या मारत नाही. 2023 मध्ये डॉलरचा भाव वर्षभर साधारण 81 ते 83.4 रुपयांच्या पट्ट्यात राहिला. रिझर्व्ह बँक डॉलरची खरेदी-विक्री करून मोठे धक्के सौम्य करते, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण. पण ही शांतता फसवी असू शकते. 2013 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैशाचा ओघ आटवण्याचे संकेत दिले आणि मे महिन्यात 54 च्या आसपास असलेला डॉलर 28 ऑगस्टला 68 रुपयांच्या पुढे गेला.

शांत चलनात लोक पैसे कसे गमावतात? उसन्या ताकदीमुळे. एक्स्चेंजवरचा डॉलर-रुपया करार 1,000 डॉलरचा असतो. डॉलर 90 रुपये धरला तर 90,000 रुपयांचा सौदा. समजा मार्जिन 3 टक्के, म्हणजे 2,700 रुपये. डॉलर फक्त 50 पैशांनी हलला तर 500 रुपयांचा फरक पडतो. भाव जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या वर हलला, पण तुमच्या मार्जिनमधले 18 टक्क्यांहून जास्त पैसे हलले.

यातला नियमही माहीत असायला हवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आणि 3 मे 2024 पासून ते लागू झालं: रुपयाचा समावेश असलेले करार त्यांच्यासाठीच आहेत, ज्यांच्याकडे परकीय चलनाची खरी देणी-घेणी आहेत. 10 कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावा लागत नाही, पण व्यवहार खरा असावा लागतो. तांदूळ निर्यात करणाऱ्याला हा बाजार आहे. डॉलर वर जाईल असं ‘वाटणाऱ्या’ माणसाला नाही.

याच पोकळीत परदेशी फॉरेक्स ॲप शिरतात. 100 रुपयांवर 50,000 रुपयांचा सौदा, म्हणजे 500 पट ताकद, अशा जाहिराती दिसतात. 500 पटीत भाव 0.2 टक्के उलट गेला की मूळ रक्कम संपते. युरो-डॉलर एवढा तर चहा संपेपर्यंत हलू शकतो. ‘स्टॉपलॉस आहे ना’ म्हणणाऱ्यांनी 15 जानेवारी 2015 आठवावा. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँकवरची मर्यादा अचानक काढली आणि काही मिनिटांत फ्रँक उसळला. मधल्या भावाला सौदाच झाला नाही, त्यामुळे स्टॉपलॉस कागदावर राहिले. ब्रिटनमधली अल्पारी ही ब्रोकर कंपनी त्यात बुडाली.

आपल्याकडे अनधिकृत प्लॅटफॉर्मवरून फॉरेक्स ट्रेडिंग करणाऱ्यावरही फेमा कायद्याखाली कारवाई होऊ शकते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये 34 नावांची सावधगिरीची यादी जाहीर केली आणि ती पुढे वाढत गेली. त्या यादीतल्या ऑक्टाएफएक्सची ईडीने सुरू केलेली चौकशी पुण्याच्या शिवाजीनगर पोलिस ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यावरूनच उभी राहिली. नाव यादीत नाही म्हणजे ॲप अधिकृत आहे, असंही समजू नका.

हिशेबाची वही काय सांगते?

सेबीच्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या 1 कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा सुमारे 2 लाख रुपये, म्हणजे 2025-26 च्या हमीभावाने जवळपास 84 क्विंटल धान. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. 30 वर्षांखालच्या ट्रेडर्सचं प्रमाण एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. सलग तोटा होऊनही चारपैकी तीन जण खेळतच राहिले.

त्यानंतर सेबीने कराराचा आकार वाढवून किमान 15 लाख केला, प्रत्येक एक्स्चेंजला एकच साप्ताहिक एक्स्पायरी ठेवली आणि घेणाऱ्याकडून प्रीमियम आधीच वसूल करणं सक्तीचं केलं. तरी 2024-25 मध्ये वैयक्तिक ट्रेडर्सचा निव्वळ तोटा 1,05,603 कोटी रुपये झाला. आदल्या वर्षीपेक्षा 41 टक्के जास्त.

ज्याला हमी हवी त्याला नाही, ज्याला नको त्याला आहे

इथे मूळ विसंगती दिसते. आंबागडच्या शेतकऱ्याकडे भावाची खरी जोखीम आहे. जुलै 2023 मध्ये केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि सप्टेंबर 2024 मध्ये ती खुली केली. अशा एका निर्णयाने भावाचं गणित बदलतं. डॉलर वाढला की आयात होणाऱ्या डीएपीचं ओझं वाढतं. ही जोखीम उतरवायला एक्स्चेंजवर धानाचा वायदा मात्र मिळेनासा झाला. सेबीने डिसेंबर 2021 मध्ये 7 शेतमालांचे वायदे थांबवले, त्यात बिगर-बासमती भात होता, आणि ही स्थगिती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. त्याच शेतकऱ्याच्या मुलाला मात्र निफ्टीचा ऑप्शन मोबाईलवर दोन टचमध्ये मिळतो.

ऑप्शनचा जन्म जोखीम असलेल्याला आधार देण्यासाठी झाला. ज्याच्याकडे निर्देशांकाची जोखीमच नाही, तो ऑप्शन घेऊन हमी घेत नाही, नवी जोखीम घरात आणतो. म्हणून नियमन फक्त लॉट मोठा करण्यावर थांबू नये. लॉट मोठा झाला की अनेकदा पैज बंद होत नाही, मोठी होते. ऑर्डर देण्याआधी जास्तीत जास्त तोटा किती, किती अंक हलल्यावर फायदा सुरू होईल आणि अपेक्षित अस्थिरता गेल्या वर्षभराच्या तुलनेत स्वस्त आहे की महाग, या तीन गोष्टी मराठीत, रुपयांत, मोठ्या अक्षरांत दिसायला हव्यात. आणि धानाच्या वायद्यांचं काय करायचं, याचं उत्तर मुदतवाढीने नव्हे, चर्चेने द्यायला हवं.

बटण दाबण्याआधी

- प्रीमियमला लॉटने गुणा. येणारी पूर्ण रक्कम उद्या शून्य झाली तरी चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर सौदा करू नका.
- व्हिक्सला 16 ने भागा. तुम्हाला हवी असलेली हालचाल त्याहून फार मोठी असेल तर तुम्ही नशिबावर विसंबून आहात.
- मोठ्या घटनेच्या आदल्या दिवशी ऑप्शन घेताना लक्षात ठेवा, भाव आधीच चढलेला असतो.
- पीककर्ज, धानाचे चुकारे किंवा मित्राकडून घेतलेले पैसे या बाजारात आणू नका.
- फॉरेक्स ॲप वापरण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अधिकृत प्लॅटफॉर्मची यादी बघा. फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर फोन करा. नोंदणीकृत ब्रोकरविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते.

बाजार उद्याही हलेल, परवाही हलेल. त्या हलण्याची किंमत किती आणि ती कोण मोजतंय, एवढं कळल्यावर बहुतेक वेळा सौदा न करणं हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो.